मांजराने कोळी खाल्ला तर?



बचत गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज आणि सह्या यांच्यापलीकडे काही बोलणं होतं का, असं आम्हाला घरची माणसं विचारतात. होतं की! मागच्या बैठकीत तर मांजरावरून आमचा अर्धा तास गेला. तो वाया गेला नाही, म्हणून आज तुमच्यापुढे त्याचीच गोष्ट मांडतो आहोत.

झालं असं. हप्ते गोळा करून झाले, वहीवर सह्या झाल्या आणि आमच्यातली सगळ्यात लहान सभासद, नुकतीच लग्न होऊन आलेली सून, हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? आमच्या मनीने काल रात्री भिंतीवरचा हा एवढा कोळी गट्टम केला. फोनवर बघितलं तर लिहिलंय की कोळी विषारी असतो, मांजर मरतं. आता काय करायचं?"

तिचं बोलणं संपायच्या आत एक काकू म्हणाल्या, "खरं आहे गं. आमचा बोका तसाच गेला. दिवाळीच्या आधी कोळी खाल्ला आणि रात्रीतून संपला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

त्यावर भिंतीला टेकून बसलेल्या आजी हसल्या. "अगं, माझ्या जन्मात मांजरांनी किती कोळी खाल्ले त्याचा काही हिशेब आहे का? एक मेलं नाही. मांजर कोळी नाही खाणार तर काय श्रीखंड खाणार?"

आता सांगा, खरं कोणाचं मानायचं? काकूंनी डोळ्यांनी बघितलेलं, आजींनी जन्मभर बघितलेलं आणि फोनवर छापून आलेलं. आम्ही ठरवलं की वाद घालत बसण्यापेक्षा विचारून यावं. आमच्या गावची पशुसखी, काकू आणि आम्ही दोघी अशा चौघी तालुक्याला बाजाराला गेलो, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. तिथे जे कळलं आणि त्यानंतर आम्ही जे वाचलं, विचारलं, ते आता सांगतो.

एका वाक्यात उत्तर

घरातला साधा कोळी खाल्ल्याने मांजर मरत नाही. आजींचं बरोबर होतं. पण काकूंचा बोका खरोखर मेला होता, म्हणजे त्याही खोटं बोलत नव्हत्या. मग तो कशाने मेला, हे पुढे सांगू. आधी कोळ्याचं विष म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

टोचायचं विष आणि खायचं विष

आपण मराठीत दोन्हीला विषच म्हणतो, पण त्यात मोठा फरक आहे. एक विष अंगात टोचलं गेलं तरच काम करतं. साप, विंचू, कोळी यांचं विष तसलं. दुसरं विष पोटात गेलं की काम करतं. धोतऱ्याचं बी खाल्लं की माणसाला बाधतं, ते या दुसऱ्या जातीचं.

जवळपास सगळ्याच कोळ्यांना विष असतं. जाळ्यात सापडलेली माशी किंवा डास धरून ठेवायला त्यांना ते लागतं. पण ते विष बहुतेक प्रथिनांचं बनलेलं असतं. प्रथिन म्हणजे डाळीत, अंड्यात, मटणात असतं तेच. ते पोटात गेलं की पचून जातं.

डॉक्टरांनी आम्हाला फार छान उदाहरण दिलं. आपल्या घरात कोणाला तरी साखरेचा आजार असतो. त्यांना इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. रोज सुई टोचून घेण्यापेक्षा ते औषध चमच्याने का पीत नाहीत? कारण इन्सुलिन हेसुद्धा प्रथिन आहे. पोटात गेलं की पचतं आणि त्याचं काम होतच नाही. कोळ्याच्या विषाचं तसंच समजा. मांजराने कोळी चावून गिळला की ते विष पोटात जाऊन पचतं. शिवाय कोळी केवढासा आणि त्यात विष ते केवढं!

मग भीती कशाची? गिळण्याची नाही, चावण्याची. मांजराने पंजाखाली धरलेला कोळी जिवाच्या आकांताने चावू शकतो, मांजराच्या ओठाला, जिभेला किंवा नाकाला. त्याने काय होतं तेही बघू.

आपल्या घरात कोणते कोळी असतात?

आपण दिवाळीला जळमटं काढतो तेव्हा हे सगळे भेटतात.

एक तो, लांबच लांब आणि दोऱ्यासारखे बारीक पाय असलेला. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकतो आणि हात लावला की थरथर हलतो. तो डास खातो. मांजराला त्याच्यापासून काही धोका नाही.

दुसरा तो, भिंतीवर टुणकन उड्या मारणारा छोटा. पुढे दोन मोठे डोळे असतात आणि आपल्याकडे मान वळवून बघितल्यासारखं करतो. जाळं विणत बसत नाही, माशीवर झडप घालतो. मांजरांचा हा लाडका खेळ. त्यापासूनही काही नाही.

तिसरा तो, ज्याला बघून आम्ही सगळ्याच ओरडतो. चपटा, तपकिरी, पाय पसरले की तळहाताएवढा. रात्री मोरीत, न्हाणीत किंवा फोटोच्या मागून सर्रकन पळतो. पोटाखाली पांढरी चकती धरून फिरत असेल तर ती मादी, आणि ती चकती म्हणजे तिची अंडी. हा झुरळं खातो. चावला तर दुखतं, थोडं सुजतं, पण माणूस किंवा मांजर त्याने मरत नाही. सुनेच्या मनीने खाल्लेला हाच असणार.

कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात बिळात किंवा झाडाच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत. ते चावले तर फार दुखतं. ते सहसा घरात येत नाहीत, पण मांजराने असा कोळी पकडला असेल तर काठीने किंवा सुपाने दूर करा.

मग फोनवर जे येतं ते काय? ते बरंचसं अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातलं असतं. अमेरिकेत पोटावर लाल खूण असलेला काळा कोळी आहे. तो चावला तर मांजरांना फार त्रास होतो, मांजर दगावूही शकतं. त्याचे भाऊबंद आपल्या देशातही सापडल्याच्या नोंदी आहेत, पण आपल्या घराच्या कोपऱ्यात रोज दिसतात ते कोळी हे नव्हेत. म्हणून तिथली भीती जशीच्या तशी इथे आणायचं कारण नाही.

जाता जाता आणखी एक. अंगावर लाल पट्टा उठून फोड आले की "कोळी अंगावरून गेला" असं आपल्याकडे म्हणतात. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक लांबट काळा-नारिंगी किडा असतो. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने असे फोड येतात. करणारा एक आणि नाव दुसऱ्याचं. बोक्याच्या बाबतीत असंच झालं होतं.

काकूंच्या बोक्याची गोष्ट

दवाखान्यात काकूंनी बोक्याचं सांगितल्यावर डॉक्टरांनी कोळ्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी घरात काय काय केलं होतं, सकाळपासून सांगा."

काकू सांगू लागल्या. दिवाळीची सफाई होती. आमच्या गटाने डाळीसाठी मूग आणि उडीद घेतले होते आणि पोती ठेवायला काकूंची मागची खोली ठरली होती. खोलीत जळमटं, झुरळं, उंदीर सगळंच होतं. "आधी फवारून घ्या, मग पोती आणू," असं बैठकीत ठरलं. मैत्रिणींनो, हे सांगितलं होतं आम्हीच. वहीत तसं लिहिलेलं आहे.

काकूंनी दुकानातून औषध आणलं. दुकानदाराने शेतातल्या फवारणीचं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून दिलं. त्यावर ना नाव, ना चिठ्ठी. काकूंनी ते पाण्यात अंदाजाने मिसळलं आणि पाठीवरच्या पंपाने भिंती, छत, कोपरे सगळं भिजवलं. थोड्या वेळाने वरून कोळी, झुरळं टपटप खाली पडायला लागली. बोका आत शिरला, ओल्या जमिनीवर फिरला आणि एक तडफडणारा कोळी त्याने खाल्ला. तेवढंच काकूंच्या डोळ्यांत राहिलं. मग तो उन्हात बसून अंग चाटत राहिला. संध्याकाळी तोंडातून लाळ गळायला लागली, अंग थरथरायला लागलं, मग झटके आले. पहाटे गेला.

डॉक्टर म्हणाले, "ही लक्षणं कोळ्याची नाहीत, फवारणीच्या विषाची आहेत. त्या कोळ्याच्या अंगावर होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त विष बोक्याच्या पंजांवर आणि केसांवर होतं. ते त्याने चाटून पोटात घेतलं."

काकू गप्प झाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी नातीलाही दोनदा उलटी झाली होती. ती तिथेच रांगत होती. मला वाटलं फराळाचं काही बाधलं. माझंही डोकं रात्रभर ठणकत होतं."

आम्हा चौघींच्या अंगावर काटा आला. मांजर गेलं म्हणून आपण कोळ्याला बोल लावला आणि मोकळ्या झालो. पण त्याच जमिनीवर आपलं लेकरू रांगत होतं, तेही हात तोंडात घालत होतं. नात वाचली, हे आमचं नशीब. फवारणीचं विष श्वासातून आणि कातडीतूनही अंगात जातं, हे आपल्या राज्याने 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात बघितलं आहे. तिथे कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले होते. तेच औषध आम्ही घरातल्या भिंतींवर मारायला सांगितलं होतं.

मांजराला विष लवकर का बाधतं?

याची तीन कारणं आहेत. पहिलं, मांजर लहान असतं. आपलं वजन पन्नास-साठ किलो, मांजराचं तीन-चार किलो. आपल्याला न जाणवणारं त्याला भारी पडतं. दुसरं, ते दिवसभर अंग चाटतं. पायाला जे लागलं ते पोटात गेलंच.

तिसरं कारण आम्हाला नवीन होतं. आपल्या पोटात नको ते गेलं की यकृत ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात हे काम करणारी एक यंत्रणा फार कमजोर असते. त्यामुळे माणसाला किंवा कुत्र्याला चालणाऱ्या काही गोष्टी मांजराला मारतात. त्या आपल्या घरात असतात, म्हणून नीट ऐका.

तापाची पॅरासिटामॉलची गोळी. माणसाला आपण सर्रास देतो. मांजराला 500 मिलीग्रॅमची एक गोळीही जीव घ्यायला पुरे होते. मांजराला ताप वाटला, सूज दिसली तरी ही गोळी अर्धी, पाव, कितीही द्यायची नाही.

गुरांच्या गोचिडांवरचं आणि कुत्र्याच्या पिसवांवरचं औषध. "उरलंय तर मांजरालाही लावू," असं करू नका. त्यातली काही औषधं मांजराला लागली की थरथर सुटते, झटके येतात आणि मांजर जातं. मांजराच्या पिसवांसाठी मांजराचंच औषध डॉक्टरांना विचारून आणायचं.

फिनेल आणि डांबराच्या गोळ्या. फिनेल टाकून पुसलेली फरशी पूर्ण सुकेपर्यंत मांजराला आणि लहान मुलांना तिथे येऊ देऊ नका. कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या उघड्या टाकू नका.

आणि उंदराचं औषध. काळी पूड येते, ती पोटात गेली की तिच्यापासून विषारी वायू तयार होतो. वड्या येतात, त्या खाल्लेल्या उंदराच्या अंगात रक्त गोठत नाही. तो उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरालाही बाधू शकतं आणि त्याची लक्षणं लगेच नाही, दोन-चार दिवसांनी दिसतात. मांजर मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शी-शूतून रक्त जातं. यावर इलाज आहे, पण वेळेत न्यावं लागतं. ज्या घरात मांजर आहे तिथे उंदराचं औषध ठेवणं म्हणजे राखणदारालाच विष घालणं.

कोळी चावला असेल तर कसं ओळखायचं?

मांजराने कोळी खाल्ला आणि नेहमीसारखं अंग चाटत बसलं, तर काही करायचं नाही. वाटीत स्वच्छ पाणी ठेवा आणि एक दिवस लक्ष ठेवा, एवढंच. काही मांजरांना कोळी खाल्ल्यावर एखादी उलटी होते, कारण त्याचे केस आणि पाय घशाला खुपतात. एका उलटीने घाबरू नका.

तोंडाला चावला असेल तर मांजर पंजाने तोंड पुसत राहतं, लाळ गाळतं, ओठ किंवा गाल सुजतो, खायला तोंड लावत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं. बहुतेक वेळा हे एका दिवसात ओसरतं. बाहेरून सूज दिसत असेल आणि मांजर जवळ येऊ देत असेल, तर थंड पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ धरा.

पण पुढची लक्षणं दिसली तर घरी थांबायचं नाही. श्वास घ्यायला त्रास होणं, अंग थरथरणं, झटके येणं, मागचे पाय लुळे पडणं, पुन्हा पुन्हा उलट्या होणं, सूज वाढत जाणं किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नपाणी न घेणं. कोळी असो की फवारा, अशा वेळी जनावरांचा डॉक्टरच हवा. गावात पशुसखी असेल तर तिला आधी कळवा. पशुसंवर्धन विभागाचा 1962 हा फुकट लागणारा फोन क्रमांक आहे, तोही वहीवर लिहून ठेवा. मांजराच्या अंगाला औषध लागलेलं असेल तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या थोड्या साबणाने अंग धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून न्या. मांजराला झटके येत असतील तर धुवत बसू नका, तसंच न्या. औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत घ्या. डॉक्टरांना त्यावरूनच इलाज ठरवता येतो. काकूंच्या बाटलीवर नावच नव्हतं, त्यामुळे त्या वेळी दवाखाना गाठला असता तरी काय दाखवलं असतं?

आता काय करायचं नाही तेही सांगतो, कारण आपण मायेने भलतंच करतो. मांजराला मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. तेल, तूप, दूध, हळदीचं पाणी जबरदस्तीने ओतू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच दुखणं होतं. आणि तोंडातला कोळी काढायला बोट घालू नका.

ही शेवटची गोष्ट आपल्या स्वतःसाठी आहे. कोळी मांजराच्या तोंडात आहे म्हणून आपण बोट घालतो आणि घाबरलेलं मांजर कचकन चावतं. पिसाळण्याचा रोग फक्त कुत्र्याकडून होतो असं अनेकींना वाटतं. तो मांजराच्या चावण्यातून आणि ओरखड्यातूनही होऊ शकतो आणि एकदा रोगाची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मांजर चावलं किंवा रक्त निघेल असं ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद, काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, लस तिथे मिळते. ठरवून दिलेल्या तारखांना सगळे डोस घ्या, एक-दोन घेऊन थांबू नका. "आमचं पाळलेलंच आहे," असं म्हणून घरी बसू नका. मांजरालाही तीन महिन्यांचं झाल्यावर ही लस टोचून घेता येते आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यायची असते.

कोळ्यापेक्षा कशाला जपायचं?

मांजर कोळ्याबरोबर आणखी बरंच काही पकडतं. भेक, म्हणजे खडबडीत अंगाचा मोठा बेडूक, तोंडात धरला तर मांजराच्या तोंडाला फेस येतो, कारण त्याच्या कातडीतच विष असतं. ते खायच्या जातीचं विष आहे. मधमाशी किंवा गांधीलमाशी घशात चावली तर सूज येऊन श्वास अडकू शकतो. विंचू आणि गोम चावल्या तर खूप दुखतं. झुरळं, उंदीर, पाली खाल्ल्याने पोटात किंवा यकृतात जंत होऊ शकतात. म्हणून मांजराला ठरावीक दिवसांनी जंताचं औषध द्यावं. किती द्यायचं ते मांजराच्या वजनावर असतं, ते दवाखान्यात विचारा.

आणि एक साधी गोष्ट. मांजर सारखे किडे खात असेल तर त्याला पोटभर मिळतंय का, ते बघा. शिकारीचा नाद तर प्रत्येक मांजराला असतो, पण दूध-भाकरीवर मांजराचं भागत नाही. त्याला मांस, मासा किंवा अंडं लागतं. सुकटीचा चुरा, माशाचं डोकं, उकडलेलं अंडं, जे घरात होत असेल ते थोडं तरी द्या. घरात हे खात नसतील तर मांजर स्वतःची सोय उंदरावर करतं. मग त्याच्या शिकारीत विष जाऊ न देणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आम्ही आता काय करतो?

दवाखान्यातून आल्यावर पुढच्या बैठकीत आम्ही आधी काकूंची माफी मागितली, कारण फवारायचं आम्ही सांगितलं होतं. मग वहीतला जुना ठराव बदलला. गटाचं धान्य जिथे राहील तिथे शेतातलं औषध फवारायचं नाही. बांबूला केरसुणी बांधून जळमटं काढायची, भिंतींच्या भेगा माती-शेणाने किंवा सिमेंटने बुजवायच्या, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोकायची. धान्याला कडक ऊन देऊन, थंड करून, झाकणाच्या कोठीत भरायचं. वर कडुलिंबाचा सुकवलेला पाला घालायचा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागे उंदीर दडत नाही. आणि कोपऱ्यात एखादा लांब पायांचा कोळी राहिला, तर राहू दे. तो डासच खातो.

यात मेहनत जास्त आहे, हे खरं. फवारायला अर्धा तास लागतो, हे करायला दोन दिवस गेले. दहा जणी मिळून केलं म्हणून जमलं. या वर्षी मुगाला थोडी कीड लागली, ती चाळून काढावी लागली. पण खोलीत नात खेळते तेव्हा काकूंचा जीव वरखाली होत नाही.

आणखी एक काम केलं, ते तुम्हीही करा म्हणून सांगतो. प्रत्येकीने घरी जाऊन फडताळ, मोरी, गोठा आणि माळा तपासला आणि नाव नसलेली बाटली सापडते का ते बघितलं. थंड पेयाच्या, पाण्याच्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांत भरलेली सात औषधं आमच्या दहा घरांत निघाली. त्यातली एक तर लोणच्याच्या बरणीशेजारी होती. आता दुकानदाराकडून सुटं औषध घ्यायचं नाही, मूळ डब्यातच आणि चिठ्ठीसकट घ्यायचं, ते कुलपात ठेवायचं आणि रिकामा डबा घरात वापरायचा नाही, असं ठरलं आहे. दुकानदाराने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. दहा जणींनी एकच सांगितल्यावर आता तो मूळ डबाच काढून देतो.

सुनेची मनी ठणठणीत आहे. बैठक चालू असताना ती दारातून आत आली, वहीवर बसली आणि भिंतीवरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्याकडे टक लावून बघत राहिली. सून उठायला लागली तशी आजी म्हणाली, "बस गं. खाऊ दे तिला."

काकूंनी अजून दुसरं मांजर आणलेलं नाही. पण सुनेला विचारून ठेवलं आहे की मनीला पिल्लं झाली की एक आम्हाला दे.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हा विषय काढा. तुमच्या घरात नाव नसलेल्या बाटल्या किती निघाल्या, ते आम्हाला कळवा.